एचटीपी पंपाच्या इंजिनाचं बेरिंग: एक रिंग आणि चार दिवस

पार्श्वभूमी

तासगाव तालुक्यातलं गाव, दीड एकर द्राक्षबाग. बाग जुनी आणि ओळींमधलं अंतर कमी. ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर आत शिरला तरी शेवटाला वळत नाही, त्यामुळे फवारणी सगळी एचटीपी पंपावर, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जास्त दाबाच्या फवारणी पंपावर. लोखंडी गाड्यावर साडेपाच हॉर्सपॉवरचं, १६३ सीसीचं पेट्रोल इंजिन, शेजारी तीन पिस्टनचा पंप, मध्ये दोन व्ही-बेल्ट. बागायतदार माझा मेव्हणा. मी सांगलीत लेथ चालवतो. इंजिनं उघडणं हा माझा रोजचा धंदा नव्हे, पण घरात कुणाचं काही अडलं की फोन ‘दाजीं’ना येतो. नावगाव देत नाही. यात ज्या चुका झाल्या त्यातली सर्वांत महागात पडलेली चूक माझ्या सल्ल्यानं झाली, बाकीच्यांनी उगाच कशाला उघडं पडावं.

इंजिनाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आडव्या शाफ्टचं इंजिन. क्रँकच्या एका टोकाला फ्लायव्हील, दुसरं टोक साइड कव्हरमधून बाहेर येतं आणि त्यावर पुली. क्रँक दोन बॉल बेरिंगवर फिरतो. एक फ्लायव्हीलच्या अंगाला ब्लॉकमध्ये, दुसरं साइड कव्हरमध्ये. दोन्ही ६२०५ नंबरची, म्हणजे आत २५, बाहेर ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला वेगळं शेल बेरिंग नसतं, ॲल्युमिनियमचा रॉड थेट क्रँकपिनवर फिरतो. त्यामुळे इथे ‘बेरिंग गेलं’ म्हणजे या दोहोंपैकी एक.

साइड कव्हरमधलं बेरिंग आतल्या बाजूनं बसवलेलं असतं आणि त्याच्यापुढे, बाहेरच्या अंगाला, ऑइल सील. सीलचं भोक ४१ मिलिमीटरचं. म्हणजे बाहेरून डोकावलं तर बेरिंगची आतली रिंग आणि गोळ्या दिसतात, बाहेरची रिंग दिसतच नाही. ती ॲल्युमिनियमच्या पायरीमागे लपलेली असते. पुढचं सगळं रामायण या पायरीमुळे घडलं.

आदल्या हंगामात मेव्हण्यानं पंप बदलला होता. नव्या पंपाची पुली जुन्या ओळीत येईना, म्हणून इंजिनाची पुली शाफ्टवर बाहेर ओढून बसवली. निम्म्याहून जास्त पुली शाफ्टच्या टोकापलीकडे लोंबत होती. प्रेशर वाढवलं की बेल्ट घसरायचा, मग तो आणखी ताणला. वाजवला तर तंबोऱ्यासारखा वाजेल इतका. हे सगळं मला नंतर कळलं.

अडचण

ऑक्टोबर छाटणीनंतरचा बारावा दिवस. पोंगा फुटून पानं उलगडायला लागलेली, दोन दिवस आभाळ भरून आलेलं, सकाळी पानांवर दव. डाऊनी या बुरशीला याहून सोयीचं हवामान नाही. अशात शुक्रवारी संध्याकाळी फोन.

“दाजी, पंप भुंग्यागत घुमतोय.”

“पंप का इंजिन?”

“आता ते मला काय ठावं? दोन्ही एकाच गाड्यावर हायत.”

बेल्ट काढून इंजिन नुसतं अर्धा मिनिट चालवायला सांगितलं. आवाज तसाच, म्हणजे पंप सुटला. मग इंजिन बंद करून पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायला लावली. भाच्यानं फोन तिथंच धरला आणि मला सांगलीत बसून टिक-टिक ऐकू आली. शाफ्ट आडवा, म्हणजे आत-बाहेर थोडा सरकला तर चालतो. वर-खाली मात्र हाताला अजिबात जाणवता कामा नये.

तिसरी गोष्ट ऑइल. गरम असतानाच पांढऱ्या थाळीत काढायला सांगितलं. ऑइलमध्ये चांदीची भुकटी टाकल्यासारखी चमक होती. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यातून फिरवलं, तर मिशी फुटल्यासारखा कीस चिकटला. चमक मॅग्नेटला चिकटली नसती तर ती ॲल्युमिनियमची, म्हणजे रॉड, पिस्टन किंवा ब्लॉक, आणि मग घरी उघडण्यात अर्थ नव्हता. चिकटली म्हणजे स्टील, आणि आवाज नि हेलकावा बघता बेरिंग. या पाच मिनिटांच्या तपासावर पुढचा निर्णय उभा होता. एवढं मात्र आम्ही नीट केलं.

समोरचे पर्याय

गावाजवळचा दुरुस्तीवाला दिवाळीच्या तोंडावर घेईना. “आठ दिवसांनी टाकून जावा” म्हणाला. सांगलीत काम झालं असतं, पण गाड्यावरून इंजिन उतरवून न्यायचं, तिथं नंबर लावायचा आणि अडीच-तीन हजार मोजायचे. नवं इंजिन नऊ हजाराच्या आसपास. मेव्हण्याचा कल तिकडेच होता, कारण त्याला बाग दिसत होती, इंजिन नव्हतं.

मी म्हटलं, आधी फवारणीचं बघा. इंजिन आणि फवारणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. शेजाऱ्याचा पंप रात्री मोकळा असतो, पेट्रोल आपलं घालून दोन रात्री मागून घ्या. तसं झालं, त्याच रात्री बाग मारून झाली. त्यामुळे दुरुस्तीला तीन-चार दिवस मिळाले. ते मिळाले नसते तर पुढे जे झालं त्यात आम्ही नक्की काहीतरी फोडून बसलो असतो.

मग घरी उघडायचं ठरलं. भाचा आयटीआय शिकलेला, गोटी पान्यांचा सेट घरात, ग्राइंडर घरात. साइड कव्हरला सहा बोल्ट, आणि त्या अंगाचंच बेरिंग बदलायचं असेल तर क्रँक बाहेर काढावा लागत नाही, फ्लायव्हीललाही हात लावावा लागत नाही. कागदावर हे दोन तासांचं काम.

एक वाद राहिला, तो दुसऱ्या बेरिंगचा. ऑइलमधून स्टीलचा कीस सगळीकडे फिरलेला, तेव्हा फ्लायव्हीलकडचं बेरिंगही बदलावं असं मी सुचवलं. मेव्हणा म्हणाला, “जे वाजत न्हाई ते कशाला काढायचं?” फ्लायव्हीलसाठी पुलर लागला असता, तो नव्हता. मी रेटलं नाही.

काम सुरू झालं आणि अडकलं

शनिवारी सकाळी भाच्यानं पेट्रोलची टाकी काढून दुसऱ्या खोलीत ठेवली, पुली ओढली, शाफ्टवरची चावी काढून डबीत टाकली आणि सहा बोल्ट सोडले. इंजिन असं आडवं केलं की कव्हर वर येईल, म्हणजे आतला कॅमशाफ्ट आणि टॅपेट खाली पडणार नाहीत. इथवर उत्तम.

कव्हर निघेना. त्यानं दोन्ही बाजूंनी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं आणि प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकलं. कव्हर एकदम सुटलं आणि आतून गोळ्या घरंगळल्या. बेरिंगचा पिंजरा, म्हणजे गोळ्यांना जागच्या जागी धरणारी पट्टी, आधीच तुटलेला होता, गोळ्या एका अंगाला गोळा झाल्या, आणि बेरिंगचे तीन भाग झाले. आतली रिंग क्रँकवर चिकटून राहिली, बाहेरची कव्हरच्या घरात (बेरिंग बसतं त्या गोल खोलगट जागेत), आणि नऊ गोळ्या फरशीवर. नऊच्या नऊ सापडेपर्यंत पुढे काही करू नको म्हणून मी बजावलं. शेवटची ऑइलच्या खोबणीत निघाली.

आता पायरीचा मुद्दा. अख्खं बेरिंग असतं तर बाहेरून आतल्या रिंगवर ठोकून ते निघालं असतं. टाकून द्यायच्या बेरिंगवर कुठंही ठोकलं तरी चालतं. पण आता घरात नुसती बाहेरची रिंग, आणि तिच्या मागच्या कडेला पायरी. धरायला काहीच नाही. भाच्यानं फोटो पाठवला आणि विचारलं, “मामा, काय करू?”

मी गिऱ्हाइकाच्या कामात होतो. फोनवर म्हणालो, “सीलच्या भोकातून छिन्नी तिरकी घाल, गोळ्या फिरतात त्या खोबणीत टोक अडकव आणि चारी बाजूंनी हळूहळू ठोक.”

‘चारी बाजूंनी’ आणि ‘हळूहळू’ हे फोनवर नीट पोचत नाही. एका बाजूला चार ठोके बसले, रिंग त्या बाजूनं दोन मिलिमीटर उठली आणि तिरकी होऊन घट्ट रुतली. पाचव्या ठोक्याला छिन्नी सटकून रिंगखाली तयार झालेल्या फटीत घुसली आणि पायरीवर आदळली. ॲल्युमिनियमवर नखाएवढा खड्डा पडला आणि त्याच्या कडेला धातूचा बारीक उंचवटा आला. ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. खड्डा दिसतो, त्याच्या कडेचा उंचवटा बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

दुपारी तव्याचा प्रयोग. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ५२ मिलिमीटरचं घर शंभर अंशांनी तापवलं तर ते ०.१२ मिलिमीटरनं मोठं होतं, स्टीलची रिंग ०.०६ नं. म्हणजे दोन्ही सारखी तापली तरी ०.०६ मिलिमीटरची सैल मिळते, आणि सरळ बसलेली रिंग एवढ्यात स्वतःच्या वजनानं पडू शकते. कव्हर साबणाच्या पाण्यानं धुतलं, कारण तेलकट कव्हर शेगडीवर ठेवलं तर पेटतं. प्लास्टिकची डिपस्टिक काढली, जुनं सील काढलं. वहिनींनी भाकरीचा तवा द्यायला साफ नकार दिला आणि परसातला चिरलेला तवा काढून दिला. कव्हर पालथं घालून पंधरा मिनिटं ठेवलं. रिंग हलली नाही. तिरकी झालेली रिंग दोन कडांवर रुतते, घर थोडं फुगून तिला काही फरक पडत नाही.

रविवारी मी गेलो. पहिलं काम क्रँकवरची आतली रिंग. ती शाफ्टवर फिरून घासली आणि चिकटली होती, मागे टायमिंग गिअर, त्यामुळे पुलरचे नखं बसेनात. इंजिनाचं तोंड ओल्या कापडांनी झाकलं आणि ग्राइंडरनं रिंगला एक खाच पाडत गेलो. पार शाफ्टपर्यंत नाही. कागदाएवढी जाडी उरली असं वाटलं की थांबायचं आणि खाचेत छिन्नी धरून एक ठोका द्यायचा. बेरिंगचं स्टील कडक असतं, ते वाकत नाही, तडकतं. काडकन आवाज आला आणि रिंग फाकली. शाफ्टवर ओरखडा नाही, फक्त रिंग फिरल्याचे निळसर पट्टे. पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसून मायक्रोमीटर लावला: २४.९८. चालण्यासारखं.

राहिली कव्हरमधली रिंग. दोन रस्ते होते. एक, कव्हर पुन्हा तापवून रिंग आधी ठोकून सरळ करायची आणि मग पडू द्यायची. दुसरा, वेल्डिंग. गावात मांडवाचे अँगल जोडणारा फॅब्रिकेशनवाला आहे, मी त्याच्याकडे गेलो. रिंगच्या आतल्या गोलाईवर वेल्डिंगचा एक पट्टा फिरवायचा. वेल्ड थंड होताना आक्रसतं आणि रिंगला आत ओढतं, ती घरापासून सुटते. स्टील ॲल्युमिनियमला वेल्ड होत नाही, त्यामुळे घराला धोका कमी. मी दोन गोष्टी सांगितल्या. अर्थिंग कव्हरला लावायचं नाही, रिंगला टेकवलेल्या सळईला लावायचं, म्हणजे रिंग आणि घराच्या मधून ठिणगी उडणार नाही. आणि सीलच्या भोकावर ओलं फडकं, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

तो म्हणाला, “एवढ्यासाठी रविवार घालवला व्हय?” पाऊण फेरी मारली, आम्ही चहा घेतला, कव्हर पालथं केलं आणि रिंग टण्णकन फरशीवर पडली. पैसे घेतले नाहीत.

नवं बेरिंग

भाच्यानं शनिवारीच सांगलीहून बेरिंग आणलेलं: ६२०५, पण दोन्ही अंगांना रबरी सील असलेलं. दुकानदारानं “टिकाऊ असतं” म्हणून दिलं. या इंजिनात ऑइल पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला चमच्यासारखं शेपूट असतं, ते ऑइल उडवतं आणि त्या तुषारांवर बेरिंग जगतं. रबर लावून ते दार बंद केलं तर आतल्या ग्रीसवर भिस्त, आणि गरम ऑइलच्या माऱ्यात ते ग्रीस किती दिवस राहणार? सोमवारी सकाळी बदलून उघडं बेरिंग आणलं. नंबरापुढे सी-थ्री लिहिलेलं घेतलं, म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा थोडी जास्त. घट्ट बसल्यावर आणि तापल्यावर ती फट कमी होते, म्हणून इंजिनाला मला तेच बरं वाटतं. जुन्या रिंगवर ६२०५ पुढचं काही वाचता येत नव्हतं, तेव्हा हा माझा अंदाज होता.

बेरिंगला ऑइलचं बोट लावून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवलं, मटारच्या पाकिटाशेजारी. खरं तर फ्रीजरचा फायदा थोडाच. तीस अंशांवरून उणे अठरापर्यंत नेलं तर रिंग ०.०३ मिलिमीटरनं लहान होते. खरं काम तवा करतो, फ्रीजरनं बेरिंग घरात पडताना चार-पाच सेकंद जास्त मिळतात.

किती तापवायचं? थर्मामीटर कुणाकडे होता! पण तवा तापला का हे बघायला भाकरी करणारी बाई जे करते तेच केलं. कव्हरवर पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र करत फेसाळून उडून जातो, म्हणजे शंभराच्या वर गेलं. थेंब गोळी होऊन पाऱ्यासारखा नाचायला लागला तर दोनशेच्या घरात गेलंय, खाली उतरवा. बेरिंगला १२० अंशांपलीकडे नेऊ नये असा नियम आहे, आणि घरातली उष्णता शेवटी त्यातच उतरते. वहिनी बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “आता उचला.” उचललं.

कव्हर लाकडी ठोकळ्यावर उताणं, बेरिंग सरळ धरून सोडलं. टक्. आत गेलं. हात लावायची गरज पडली नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. हसायची घाई झाली.

पुन्हा अडकलं

कव्हर आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारं नवीन पातळ गॅस्केट, लाकडी दांड्यानं ठोकत बसवलेलं नवं सील, त्याच्या ओठाला ग्रीस, कव्हर लावलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो. मी प्रत्येक फेरीनंतर क्रँक हातानं फिरवून बघत होतो. शेवटच्या पाव फेरीपर्यंत मोकळा, आणि सहाही पूर्ण आवळल्यावर जड. फिरायचा, पण मध्येच कणकेत अडकल्यासारखा.

मेव्हणा म्हणाला, “दाजी, दोन गॅस्केट टाका की. जरा फट मिळंल.” आणि खरं सांगतो, मला क्षणभर ते पटलं. दुपारचे तीन वाजलेले, मला रात्री सांगलीत परत जायचं होतं, आणि दोन गॅस्केटनं क्रँक नक्की मोकळा झाला असता. हा या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण. तांत्रिक अवघड नव्हे, कंटाळ्याचा. पण गॅस्केट एकच घातलेलं इंजिन कारखान्यातून मोकळं फिरत निघालं होतं. आता फिरत नसेल तर आपणच काहीतरी बदललंय, आणि बदललं होतं फक्त बेरिंग.

कव्हर परत काढलं. या वेळी कॅमशाफ्ट त्याच्याबरोबर अर्धा वर आला, म्हणून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवाव्या लागल्या. क्रँकच्या गिअरवरचा ठिपका आणि कॅमच्या गिअरवरचा ठिपका, समोरासमोर. मग व्हर्निअरच्या शेपटीनं कव्हरच्या काठापासून बेरिंगपर्यंतची खोली चार जागी मोजली. तीन जागी सारखी, चौथ्या जागी ०.३ मिलिमीटर कमी. बेरिंग एका अंगाला वर राहिलं होतं. मी कव्हर उलटं करून सीलकडून बॅटरी मारली. चौथी जागा म्हणजे छिन्नीचा खड्डा. त्याच्या कडेचा उंचवटा बेरिंगखाली आला होता.

माझ्या फोनवरच्या सल्ल्याचं माप आलं: ०.३ मिलिमीटर.

नवं सील काढताना फाटलं, म्हणजे भाचा पुन्हा तासगावला. कव्हर पुन्हा तव्यावर, थेंब चर्र झाला, कव्हर पालथं करून ठोकळ्यावर हलकं आपटलं, बेरिंग सांडशीत. एकही ठोका न बसता निघालं, म्हणून तेच परत वापरायचं ठरवलं. ठोकून काढावं लागलं असतं तर टाकलं असतं. बाहेरच्या रिंगवर बसलेलं बेरिंग आतल्या रिंगवर ठोकून काढलं की सगळा मार गोळ्यांतून जातो, खोबणीत डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात आणि नवं बेरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं.

उंचवटा चाकूच्या पात्यानं खरवडला, बोट फिरवून बघितला, परत खरवडला. खड्डा तसाच ठेवला, खड्ड्यानं काही बिघडत नाही. घर डिझेलनं धुऊन कोरडं केलं. बेरिंग पुन्हा फ्रीजरमध्ये. तिसऱ्यांदा तवा. या वेळी टक् झाल्यावर आधी चार जागी माप घेतलं, मग कव्हर लावलं. सहाही बोल्ट आवळून क्रँक एका बोटानं फिरला.

निकाल

रात्री साडेनऊला इंजिन सुरू. बेल्टशिवाय दहा मिनिटं हळू चालवलं आणि ते ऑइल गरम असतानाच काढून टाकलं, कोपऱ्यात राहिलेला कीस निघावा म्हणून. त्यात थोडी चमक होतीच. सहाशे मिली नवं ऑइल, आणखी अर्धा तास, मग कव्हरच्या नाकाला हात लावून बघितलं. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. खर्च बेरिंग, दोन सील, गॅस्केट आणि दोनदा ऑइल धरून बाराशेच्या आत. शेजाऱ्याला पेट्रोल वेगळं, आणि माझ्या दुकानाचा सोमवार बुडाला तो कुणी धरला नाही.

पुली मात्र तशी ठेवू दिली नाही. मंगळवारी फॅब्रिकेशनवाल्याकडून पंपाचा पाट सरकवून घेतला, म्हणजे इंजिनाची पुली शाफ्टवर आत, कव्हरला लागून बसली. बेल्टचा ताण साधारण एक मीटर अंतराला १६ मिलिमीटर दाबला जाईल एवढा. यांच्या दोन पुलींत पस्तीसेक सेंटिमीटर अंतर, म्हणजे अंगठ्यानं दाबल्यावर पाच-सहा मिलिमीटर. आधी तो अंगठ्याला दबतच नव्हता. पुली जितकी बाहेर तितका तोच ताण बेरिंगवर जास्त पडतो, पहारीनं दगड उचकटताना पहार लांब धरल्यासारखा. जुनं बेरिंग त्यानंच गेलं असं माझं मत. ऑइलही वर्षभर बदललेलं नव्हतं, त्याचाही वाटा असणार.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, छिन्नीऐवजी तवा. रिंग सरळ असताना कव्हर पालथं तापवलं असतं तर ती बहुधा शनिवारी दुपारीच पडली असती. मला ते माहीत होतं. घाईत असल्यानं मी हातोडीचा सल्ला दिला, कारण हातोडी फोनवर समजावायला सोपी.

कव्हर उचकटण्याआधी बेरिंगवर विचार करायला हवा होता. पुलीला एवढा हेलकावा आणि ऑइलमध्ये एवढा कीस म्हणजे पिंजरा तुटलेला असणार, हे ताडता आलं असतं. कव्हरचं नाक बाहेरून गरम पाण्याच्या फडक्यांनी शेकून, सरळ ओढून काढलं असतं तर कदाचित आतली रिंगही त्याच्याबरोबर आली असती. कदाचितच. ती शाफ्टला धरून बसली होती.

खोली मोजायची ती कव्हर लावण्याआधी. चार मापं, दोन मिनिटं. मी लेथवर दिवसभर हेच करतो आणि मेव्हण्याच्या अंगणात केलं नाही. सील आधी बसवण्याची घाईही नडली. क्रँक मोकळा फिरतोय याची खात्री करून सील शेवटी बसवलं असतं तर एक सील वाचलं असतं.

दोन गॅस्केटचा मार्ग न घेतल्याचं मला समाधान आहे, पण तिथंही मी थोडक्यात वाचलो. एकट्यानं काम करत असतो तर घातली असती.

आणि दुसरं बेरिंग. हंगाम संपल्यावर, मार्चमध्ये, त्या अंगाला बारीक कुरकुर सुरू झाली. या वेळी पुलर भाड्यानं आणला, फ्लायव्हील काढलं, क्रँक बाहेर घेतला आणि बेरिंगभोवतीचा ब्लॉक हॉट एअर गननं सगळीकडून सारखा शेकला. बेरिंग अख्खं, आपोआप निघालं. धुऊन खोबणीत बघितलं तर दोन ठिकाणी बारीक खळगे पडलेले, स्टीलचा कीस चिरडून पडतात तसे. ऑक्टोबरमध्ये दोनशे ऐंशी रुपये वाचवले होते, मार्चमध्ये तेच पुन्हा दिले, वर पुलरचं भाडं.